सप्रेम जयभीम, विनंती विशेष

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. आम्ही सकाळचा चहा घेऊन खिडकीशी चष्मा पुसत बसलो होतो. तेवढ्यात आमच्याच इमारतीतला एक पोरगा दारात येऊन उभा राहिला. बारावी करून आता आयटीआयला जातो. (कोणत्या मजल्यावरचा ते सांगत नाही. शेजाऱ्यांनी जिन्यात उभे राहून अंदाज बांधू नयेत. पोराला विचारूनच हे लिहीत आहोत.) आत आला, घरात दुसरे कोणी नाही ह्याची खात्री करून घेतली आणि हळूच म्हणाला, "आजोबा, तुम्ही पेपरात लिहिता ना? मला एक पत्र लिहून द्या."

आम्हांला वाटले, जातीच्या दाखल्याचा नाहीतर नळजोडणीचा अर्ज असेल. असे अर्ज आम्ही आजवर शेकड्यांनी लिहिले आहेत. पेन उघडून विचारले, "कोणाच्या नावे?" पोरगा पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागला. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अरे, मोबाईल आहे ना तुझ्याकडे? त्यावरून लाल बदाम पाठव की."

"तिचा फोन तिचा भाऊ तपासतो, आजोबा."

मुलगी कोणाची, तेही त्याने सांगितले. आपल्यातली नव्हे. आम्ही पेनाला टोपण लावले आणि "पुढच्या रविवारी ये, बघू," असे म्हणून त्याला वाटेला लावले.

वाचकहो, दुसऱ्याची पत्रे लिहून देण्याचा धंदा आम्हांला नवा नाही. धंदा म्हणायचे कारण असे की, एका पत्राला लिमलेटच्या दोन गोळ्या हा आमचा भाव ठरलेला होता. १९६० ते ६४ चा सुमार. वरळीच्या बी.डी.डी. चाळीत एकशे साठ चौरस फुटांची खोली आणि तीत गावाकडचे आठ-दहा गडी. बायकापोरे गावी. कोणी गिरणीत रिंग खात्यात, कोणी गोदीत, कोणी म्युनिसिपालिटीत. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीवाल्याच्या अंथरुणावर आडवा व्हायचा. लिहिता येणारा त्या मजल्यावर एक आमचे गुरुजी आणि दुसरे आम्ही, इयत्ता पाचवी. गुरुजींपुढे बोलायला गड्यांना लाज वाटायची, म्हणून गिऱ्हाईक आमच्याकडे.

तेव्हाच्या आमच्या पत्रांत एक मोठा बदल नुकताच झालेला होता. १९५६ नंतर कार्डाच्या डोक्यावर 'श्री' लिहिणे बंद झाले होते. 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष' ह्याच्या जागी 'सप्रेम जयभीम, विनंती विशेष' आले. आम्ही एकदा जागा वाचवण्यासाठी 'स. ज. वि. वि.' असे लिहिले, तर एका म्हाताऱ्याने आमचा कान धरला. "जयभीम तोडायचा नाय. कार्ड दुसरं आणू, पण जयभीम पुरा लिव्ह." तेव्हापासून आम्ही तो पुरा लिहितो.

म्हणजे 'सप्रेम' प्रत्येक पत्रात होते. पण कोणाला? बापाला, थोरल्या भावाला, गावच्या पोलीस पाटलाला. बायकोला पत्र जात नव्हतेच. बायकोच्या नावावर कार्ड टाकणे म्हणजे निर्लज्जपणा. शिवाय ते वाचणार कोण? गावी कार्ड पोचले की अंगणात सारे घर गोळा व्हायचे आणि आमच्याच वयाचे शाळेत जाणारे एखादे पोर ते मोठ्याने वाचायचे. सासू पुढे, दीर ओट्यावर, आणि जिच्यासाठी लिहिले ती दाराआड. नवऱ्याच्या तोंडापासून बायकोच्या कानापर्यंत मध्ये दोन पोरे, एक पोस्टमन आणि अर्धे गाव. अशा वाटेने प्रेम जाणार कसे?

एक काका आठवतात. बापाच्या नावे कार्ड सांगत होते. बी-बियाणे झाले, कर्जाचा हप्ता झाला, म्हशीला आंबोण वेळेवर घालावे, हेही झाले. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "लिव्ह, पावसात भिजू नको म्हणावं."

"कोणी?" आम्ही विचारले.

"म्हशीनं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

म्हैस पावसात भिजली म्हणून काय बिघडते, हे आम्हांला त्या वयात समजले नाही. जसे सांगितले तसे लिहिले आणि गोळ्या घेतल्या.

असो. हे सगळे आठवायला दुसरेही एक कारण झाले. रेल्वेच्या वर्कशॉपातून सुटल्यापासून वाचन हाच आमचा उद्योग. ह्या पावसाळ्यात योगायोगाने ज्या तीन कादंबऱ्या हाती आल्या, त्या तिन्हींत पत्रेच पत्रे. पहिली हिंदीतून वाचली. उरलेल्या दोन इंग्रजीत होत्या आणि आमचे इंग्रजी वर्कशॉपच्या नोटिशीपुरते. भाचीची मुलगी एम.ए. करते, ती संध्याकाळी येऊन वाचून अर्थ सांगायची. प्रेमाचा मजकूर आला की ती जरा अडखळायची आणि आम्ही खिडकीबाहेर बघायचो. म्हणजे वाचून दाखवणारे पोर इथेही मध्ये होतेच.

पहिली कादंबरी दस्तयेव्स्कीची. १८४६ साली आलेली, त्याची पहिलीच. मराठीत तिला 'गरीब माणसं' म्हणता येईल. पीटर्सबर्ग शहरातला मकार देवूश्किन नावाचा एक उतारवयाचा कारकून. काम काय, तर कागदांच्या नकला करणे. राहतो कुठे, तर स्वयंपाकघरात आडोसा घालून केलेल्या कोपऱ्यात. समोरच्या खिडकीत वारवारा नावाची एक अनाथ मुलगी शिवणकाम करून दिवस काढते. ही दोघे एकमेकांना पत्रे लिहितात आणि सारी कादंबरी त्या पत्रांचीच. भेटायचे तर लोक काय म्हणतील, म्हणून समोरासमोर राहून पत्रे. आमच्या चाळीत जन्मलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

ह्या मकारची पत्रे वाचताना आम्ही अनेकदा पुस्तक मिटून ठेवले. खोलीची घाण झाकून तो तिला लिहितो की जागा सोयीची आहे, इथून तुझी खिडकी दिसते. स्वतःचे कपडे विकून तिला फुलांच्या कुंड्या आणि मिठाई पाठवतो. बुटांचे तळवे गेलेले. एकदा मोठ्या साहेबापुढे उभा असताना कोटाचे बटण तुटून घरंगळत साहेबाच्या पायापाशी जाते आणि हा ते धरायला धावतो. साहेबाला दया येते, तो शंभर रूबल देतो. पण मकारला पैशापेक्षा मोठे काय वाटते, तर साहेबाने त्याचा हात हातात घेतला हे. हा प्रसंग आम्ही दोनदा वाचला.

आणखी एक जागा आहे. वारवारा त्याला गोगोल ह्या लेखकाची 'ओव्हरकोट' ही गोष्ट वाचायला पाठवते. तीही एका गरीब कारकुनाचीच. मकार ती वाचतो आणि भडकतो. आमच्या फाटक्या बुटांत ह्या लेखकाने डोकावून का पाहिले, आमची अब्रू चव्हाट्यावर का मांडली, असा त्याचा संताप. आम्हांला १९७८ साल आठवले. दया पवारांचे 'बलुतं' आले तेव्हा आमच्या मजल्यावरचे दोन-चार जाणते लोक असेच संतापले होते. "घरातली घाण ह्यानं रस्त्यावर आणली," म्हणायचे. आम्ही तेव्हा त्यांच्याशी तावातावाने भांडलो. आज मकारमुळे त्यांची बाजू आम्हांला अर्धी तरी कळली. दस्तयेव्स्कीची कमाल अशी की, गरिबावर लिहिलेले वाचून गरिबाला काय वाटते, हे त्याने चोविशीतच लिहून ठेवले.

शेवट सांगू नये म्हणतात, पण ज्यांना पुस्तक मिळणार नाही त्यांच्यासाठी सांगतो. वारवारा एका पैसेवाल्या माणसाशी लग्न करून दूर निघून जाते. पोटासाठी, अब्रूसाठी. तिच्या लग्नाच्या कपड्यांच्या झालरीसाठी शिंपिणीकडे खेपा घालतो कोण? तर हाच मकार. आणि ती गेल्यावर तो एक पत्र लिहितो, त्याला उत्तर नाही.

दुसरी कादंबरी छोटी आणि हसवणारी. मल्याळम लेखक वैकोम मुहम्मद बशीर ह्यांची 'प्रेमलेखनम', म्हणजे प्रेमपत्रच. लिहिली तुरुंगात, छापली १९४३ साली, आणि त्रावणकोर संस्थानाने तिच्यावर बंदीही घातली. केशवन नायर हा बँकेतला तरुण, जातीने नायर. ज्या घरात भाड्याने राहतो तिथली सारम्मा ख्रिश्चन. शिकलेली, पण नोकरी नाही. हा तिला जीव ओतून पत्र लिहितो. ती वाचते, चुरगळून फेकते आणि विचारते, दुसरे काही विशेष? पुढे ती त्याच्याकडे नोकरीची चौकशी करते, तेव्हा तो सांगतो, नोकरी आहे, माझ्यावर प्रेम करायची, महिना वीस रुपये पगार. आमची वाचणारी पोरगी इथे खुदकन हसली. मग दोघे होणाऱ्या पोराचे नाव कोणत्या धर्माचे ठेवायचे ह्यावर वाद घालतात आणि चिठ्ठ्या टाकून नाव निघते, 'आकाशमिठाई'. ज्या गोष्टीपायी आपल्याकडे कोयते निघतात, ती गोष्ट बशीर चिठ्ठ्या टाकून सोडवतात. पुस्तक खाली ठेवले तेव्हा हसू येत होते आणि खालच्या पोराची आठवणही येत होती.

तिसरी, गाब्रिएल गार्सिया मार्केस ह्यांची 'लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा', १९८५ ची. लेखक दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशाचा, नोबेल मिळालेला. खरे सांगायचे तर मधली बरीच पाने आम्ही उलटून टाकायला लावली. नायक फ्लोरेंतिनो तरुणपणी नाकारला जातो आणि त्या बाईचा नवरा मरेपर्यंत थांबतो. पण थांबणे म्हणजे काय, तर मधल्या काळात शेकडो बायका. म्हातारपणी, ज्या कोवळ्या पोरीचे पालकत्व विश्वासाने त्याच्याकडे सोपवलेले, तिलाही तो सोडत नाही, आणि शेवटी ती पोरगी जीव देते. लेखक ह्यावरून हलक्या पावलांनी पुढे जातो. आम्हांला तसे जाता आले नाही. वाचणारी पोरगीही त्या दिवशी चहा न घेता गेली.

पण ह्याच पुस्तकात एक प्रकरण आहे, ते आमचेच आहे. फ्लोरेंतिनोला कचेरीत साधे धंद्याचे पत्रही प्रेमपत्रासारखेच लिहायची खोड. मग तो संध्याकाळी बाजारातल्या लेखकांच्या कमानीखाली बसून निरक्षर प्रेमिकांची पत्रे फुकट लिहून देऊ लागतो. आमच्या मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिससमोर कबुतरखान्यापाशी ताडपत्रीखाली पत्रलेखक बसायचे, तसेच. एकदा एक मुलगी आलेल्या पत्राचे उत्तर लिहून घ्यायला येते. हा पत्र उघडतो तर अक्षर स्वतःचेच. म्हणजे पोराचे पत्रही ह्यानेच लिहिलेले, आणि आता मुलीचे उत्तरही हाच लिहिणार. कित्येक दिवस हा एकटाच दोन्ही बाजूंनी स्वतःला पत्रे लिहीत राहतो. त्या दोघांचे लग्न होते, ही गोष्ट वेगळी.

हे वाचून झाले आणि दुसरा रविवार उजाडला. पोरगा बरोबर नऊला हजर.

आठवडाभर आम्ही काय विचार करत होतो ते प्रामाणिकपणे सांगायला हवे. आमचे अक्षर सुवाच्य आहे. वॉर्ड ऑफिसपासून रेशन दुकानापर्यंत ते ओळखले जाते. ह्या अक्षरातले पत्र त्या मुलीच्या भावाच्या हाती पडले तर, हा आमचा पहिला विचार. पोराचा विचार त्यानंतर आला. आणि तो आला तेव्हा खर्डा आठवले. २८ एप्रिल २०१४. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या त्या गावात सतरा वर्षांच्या नितीन आगेचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, एवढाच संशय. पुढे साक्षीदार फिरले आणि २०१७ साली सारे आरोपी निर्दोष सुटले. आमच्या वस्तीतल्या कितीतरी आयांनी तेव्हा आपल्या पोरांची दप्तरे तपासली होती. चिठ्ठीचपाटी सापडली तर अभ्यास बुडेल ही भीती दुसऱ्या आयांना. आमच्या आयांची भीती वेगळी.

तेव्हा पत्र लिहून द्यायचे नाही, हे आम्ही ठरवूनच बसलो होतो. पण नुसते नाही म्हणून त्याला जिना उतरू देणेही बरे वाटेना. म्हणून कपाटातून मा. गो. माळी ह्यांनी संपादित केलेले सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय काढले आणि त्यातले एक पत्र त्याला वाचायला दिले.

सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे त्यात आहेत. १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. पहिले आजारपणात माहेराहून लिहिलेले. भाऊ त्यांच्या कामाला नावे ठेवतो आणि त्या त्याला कशा गप्प करतात, हे नवऱ्याला कळवलेले. तिसरे दुष्काळातले. ह्या पत्रांत लाडाचा शब्द शोधून सापडायचा नाही. तरी आम्ही त्यांना प्रेमपत्रेच म्हणतो. माहेरी आजारी पडलेली बाई नवऱ्याला काय लिहिते, तर मी तुझ्या बाजूने कशी भांडले ते. ह्यापेक्षा जास्त काय लिहायचे असते?

पोराला दिले ते मधले, २९ ऑगस्ट १८६८ चे, नायगावहून लिहिलेले. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण पंचांग सांगत गावोगाव फिरायचा. त्याचे आणि शारजा नावाच्या महार मुलीचे प्रेम जमले. मुलीला सहावा महिना लागल्यावर बोभाटा झाला. गावाने दोघांना मारून टाकायचे ठरवले, वाजतगाजत मिरवत नेले. सावित्रीबाई धावत गेल्या. इंग्रजी कायद्याचा धाक घालून त्यांनी दोघांचे प्राण वाचवले. गाव म्हणाला, दोघांनी गाव सोडावे. सावित्रीबाईंनी त्यांना जोतीरावांकडे पाठवून दिले आणि तसे पत्रातून कळवले.

पोराने पत्र वाचले. पुन्हा वाचले. मग म्हणाला, "पुढं काय झालं त्यांचं?"

"पुढचे ह्या पत्रात नाही," आम्ही म्हणालो.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आम्ही त्याला फ्लोरेंतिनोची गोष्ट सांगितली. दुसऱ्याने लिहिलेल्या पत्रावर मुलगी भाळली तर ती कोणावर भाळली म्हणायची? तुझे पत्र तू लिही. तो म्हणाला, मला लिहिता येत नाही, पहिलीच ओळ सुचत नाही. आम्ही म्हटले, आज कुठे काय बघून तिची आठवण झाली, तेवढेच लिही. आणि सारम्माचीही गोष्ट सांगितली. तिने चुरगळून फेकले तर समजून घ्यायचे. ती नको म्हणाली तर दुसरे पत्र नाही, नाक्यावर उभे राहणे नाही. आणि आईच्या कानावर घाल. शेवटच्या अटीवर तो म्हणाला, "आईला तुम्ही सांगा." ते आमच्याकडून अजून झालेले नाही.

आमच्या टेबलाशी बसून त्याने पाऊण तास लिहिले. आम्हांला दाखवले नाही, आम्हीही मागितले नाही. घडी खिशात घालून दारापर्यंत गेला आणि वळून विचारता झाला, "आजोबा, तुम्ही आजींना कधी लिहिलं होतं का?"

आता आमच्या घरच्या आयुष्मतींविषयी सांगणे आले. लेकीचे ऑपरेशन झाले म्हणून त्या दोन महिन्यांपासून नागपूरला आहेत. आमचे लग्न १९७४ च्या मार्चचे. चाळीत जागा नव्हती, म्हणून लग्नानंतर चौदा महिने त्या गावीच होत्या आणि आम्ही मुंबईत. त्या चौदा महिन्यांत आम्ही कार्डे टाकली ती सगळी आमच्या वडिलांच्या नावे. शेवटची ओळ ठरलेली, घरातील सर्वांस सप्रेम जयभीम. त्या 'सर्वांस' मध्ये त्या आल्या. चाळभरच्या गड्यांची दुःखे ज्याने लिहिली, त्याला स्वतःच्या बायकोचे नाव कार्डावर लिहायचे धैर्य झाले नाही. त्या चौथी शिकलेल्या होत्या, वाचता येत होते, तरीही.

त्यातच ८ मे १९७४ ला रेल्वेचा देशभर संप झाला. २७ मेपर्यंत चालला. आम्ही संपात होतो. पगार नाही, नोकरी राहते की जाते हे माहीत नाही. त्या महिन्यात मनीऑर्डर गेली नाही. आणि मनीऑर्डर नाही तर पत्र तरी कोणत्या तोंडाने लिहायचे, म्हणून पत्रही गेले नाही. त्या वेळी त्यांच्या मनात काय आले असेल, हे आम्ही पुढे कधी विचारले नाही. त्यांनीही विषय काढला नाही.

बाबासाहेब १९२० ते २३ ह्या काळात लंडनला शिकत होते, तेव्हा परळच्या चाळीत राहणाऱ्या रमाईंना पत्रे लिहीत. पैशाची ओढाताण, आपले हाल, हे ते त्यांना सरळ कळवत. एवढा मोठा माणूस बायकोला सांगत होता की माझ्याजवळ पैसे नाहीत. रमाई २७ मे १९३५ ला गेल्या. पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा राजकारणावरचा ग्रंथ बाबासाहेबांनी अर्पण केला तो रामूलाच. ती अर्पणपत्रिका आम्ही सभांतून कितीदा वाचून दाखवली आहे. पण आमच्या संपाच्या महिन्याशी तिचा काही संबंध असेल, हे ह्या रविवारपर्यंत डोक्यात आले नव्हते.

फ्लोरेंतिनोने एक्कावन्न वर्षे, नऊ महिने आणि चार दिवस वाट पाहिली, असे पुस्तकात आहे. आमच्या लग्नालाही एक्कावन्न झाली. आमच्याकडे वाट पाहणारी बाजू कोणती, ते त्या रात्री आमच्या ध्यानात आले.

दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन आंतर्देशीय मागितले. खिडकीतल्या बाईंनी दोन खण उपसून एक शोधून दिले. पत्ता लिहिताना प्रश्न पडला की नावामागे काय लावावे. 'सौ.' लावणे आम्ही कधीच सोडले. 'आयु.' लिहिले तर मंगल परिणयाची पत्रिका वाटते. शेवटी काहीच न लावता नुसते नाव लिहिले. ते आमच्या अक्षरात कसे दिसते, हे आम्ही रेशनकार्डाखेरीज प्रथमच पाहत होतो. आत 'प्रिय' लिहायला हात धजेना, तेव्हा सवयीने 'सप्रेम जयभीम' लिहिले, आणि लिहिल्यावर तेच बरोबर वाटले. मग मे १९७४ मध्ये कार्ड का आले नाही, ते सारे लिहिले. कोरा मनीऑर्डर फॉर्म घेऊन आम्ही किती वेळ पोस्टात बसलो होतो, तेही लिहिले. आंतर्देशीयाच्या तिन्ही बाजू भरल्या. डिंक लावून बंद केले आणि पेटीत टाकले.

आठ दिवस फोनवर काही उल्लेख नाही. लाईटबिल भरले का, गोळी घेतली का, एवढेच. आम्हांला वाटले, गहाळ झाले.

नवव्या दिवशी पोस्टमन दारात आला आणि हसत उभा राहिला. हातात साधे पोस्टकार्ड, उघडे. आम्ही डिंक लावून पाठवले होते आणि त्यांनी साऱ्या जगाला दिसेल असे लिहिले होते. मोठमोठी, चौथीतली अक्षरे. पोस्टमनने वाटेत वाचलेले होते हे उघड होते. आता तुम्हीही वाचा:

"सप्रेम जयभीम. पत्र मिळाले. कोणाकडून वाचून घेतले नाही. चष्मा लावून मीच वाचले. दोन दिवस लागले. संपाचे मला तेव्हाच ठाऊक होते. पाटलाच्या रेडिओवर सांगत होते. मी पैशाची वाट बघत नव्हते. कार्डाची बघत होते. लेकीला आता बरे आहे. पुढच्या महिन्यात येते. ता. क. सुक्या बोंबलाचा डबा नीट लावत जा. मांजर येते."